आधी आईबाबांचे रिपोर्ट दाखवा!

पंच फेस. हेवी बोन. चॅम्पियन ब्लडलाइन. केसीआय पेपर्स उपलब्ध. होम डिलिव्हरी मिळेल. सीरियस असाल तरच डीएम करा.

इन्स्टाग्रामवर एकदा का तुम्ही कुत्र्याचं पिल्लू शोधायला बसलात, की पुढचे पंधरा दिवस फीडमध्ये हेच. गळ्यात लाल रिबन बांधलेलं लॅब्रडॉर, टोपलीत बसवलेली पगची पिल्लं, निळ्या डोळ्यांचा हस्की आणि मागे कुठलं तरी ट्रेंडिंग गाणं. आपल्या वयाच्या कितीतरी जणांच्या घरी पहिलं पिल्लू असंच येतं. कुणी पहिल्या स्टायपेंडमधून घेतं, कुणी बर्थडेला बाबांच्या मागे लागून घेतं, तर कुणी फ्लॅटवरच्या चौघांत कॉन्ट्री काढून घेतं.

या जाहिरातींमध्ये पिल्लाचा रंग असतो, डोक्याचा आकार असतो, हाडं किती जाड आहेत ते असतं, आजोबांनी कुठला शो जिंकला तेही असतं. एक गोष्ट मात्र शोधूनही सापडत नाही. पिल्लाच्या आईबाबांची तपासणी कुणी केली होती का?

माझं म्हणणं एवढंच आहे. जातिवंत कुत्र्यांचं ब्रीडिंग करायचं असेल, तर त्या जातीत जे आनुवंशिक आजार आढळतात त्यांची तपासणी नर आणि मादी दोघांचीही आधी झालीच पाहिजे. ती कायद्यानं सक्तीची व्हायला हवी. आणि तसं होईपर्यंत विकत घेणाऱ्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, रिपोर्ट बघितल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही.

'पिल्लू हेल्दी आहे, मॅडम'

या लेखासाठी मी गिऱ्हाईक बनून काही विक्रेत्यांना मेसेज टाकले. लॅब्रडॉर विकणाऱ्या एकाला विचारलं, "आईबाबांच्या हिप्सचे एक्स-रे काढलेत का?" उत्तर आलं, "पिल्लू एकदम हेल्दी आहे मॅडम, व्हॅक्सिन झालंय." मी म्हटलं, "पिल्लाचं नाही, त्याच्या आईचं विचारतेय." मग आईचा फोटो आला. छान होती, अंगणात ऊन खात उभी होती. एक्स-रे काही आला नाही. दुसऱ्यानं सांगितलं, "आपल्याकडे एवढं कुणी विचारत नाही." तिसऱ्यानं थेट ब्लॉक केलं.

मला त्या दुसऱ्याचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. कारण तो खरं बोलला. कुणी विचारत नाही, म्हणून कुणी करत नाही.

आता 'पिल्लू हेल्दी आहे' हे उत्तर प्रत्येक वेळी खोटंच असतं असं नाही. गोची अशी आहे, की दोन महिन्यांच्या पिल्लाकडे बघून यातलं काहीच कळत नाही. लॅब्रडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रिव्हर, रॉटवायलर अशा मोठ्या जातींमध्ये हिप डिस्प्लेझिया बराच दिसतो. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत नीट बसत नाही. सांधा सैल राहतो, झिजत जातो. मग जिना चढणं सोडाच, बसल्या जागेवरून उठणंही त्या कुत्र्याच्या जिवावर येतं. यात वजन, खाणं, घरातली गुळगुळीत फरशी यांचाही हात असतो, पण आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत १९६६ मध्ये ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स ही संस्था निघाली, ती मुळात याच आजारासाठी. कुत्रा दोन वर्षांचा झाल्याशिवाय ही संस्था त्याच्या हिप्सचा अंतिम दाखला देत नाही. मग आठ आठवड्यांच्या पिल्लाबद्दल विक्रेता छातीठोकपणे काय सांगणार?

डोळ्यांचं तसंच. पीआरए या आजारात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग पूर्ण अंधार. लॅब्रडॉर आणि कॉकर स्पॅनियलमध्ये आढळणारा याचा एक प्रकार कुत्रा चांगला मोठा झाल्यावर लक्षात येतो. डॉबरमनमध्ये डीसीएम असतो, हृदयाचा स्नायू कमजोर होत जातो. बाहेरून कुत्रा अगदी धडधाकट दिसतो आणि एक दिवस खेळता खेळता कोसळतो. तो आजार वेळेत पकडायचा तर इको करावा लागतो, चोवीस तास अंगाला होल्टर मशिन बांधून ईसीजी घ्यावा लागतो, आणि तेही ठरावीक काळानं परत परत.

यातली खरी मेख बघा. हे आजार उघडकीला येईपर्यंत त्या कुत्र्याची दोन-तीन वेतं होऊन गेलेली असतात. पिल्लं नाशिक, सांगली, ठाणे अशी विखुरलेली असतात. म्हणून पिल्लू तपासून उपयोग नसतो. तपासायचे असतात ते त्याचे आईबाबा, आणि तेही मेटिंगच्या आधी.

बारावीचं बायो आठवा

यातले काही आजार अनेक जनुकांमुळे होतात, तिथे एक्स-रे किंवा इकोवर भागवावं लागतं. पण काही आजार एकाच जनुकातल्या बिघाडामुळे होतात. तिथे डीएनए चाचणी चालते. गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा किंवा थोडं रक्त, नमुना कुरिअरनं लॅबला पाठवायचा, की झालं. कुत्र्याचे जीन्स काही बदलत नाहीत, त्यामुळे ही चाचणी आयुष्यात एकदाच करावी लागते.

मेंडेलचे वाटाणे आठवतात ना? पनेट स्क्वेअरचा चौकोन काढून मार्क मिळवलेत तुम्ही. लॅब्रडॉरचा पीआरए त्याच नियमानं चालतो. बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असलेला कुत्रा 'कॅरियर' असतो. त्याला स्वतःला काही होत नाही. दोन कॅरियर एकत्र आणले, तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, कॅरियर असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मोकळं सुटण्याची २५ टक्के. थॅलेसेमिया मायनर असलेल्या दोघांनी लग्नाआधी रक्त तपासून घ्यावं असं कॉलेजच्या आरोग्य शिबिरात सांगतात, त्यामागचं गणित हेच.

आता यातली दिलासा देणारी बाजू. कॅरियर कुत्र्याची जोडी पूर्ण मोकळ्या कुत्र्याशी लावली, तर एकाही पिल्लाला तो आजार होत नाही. म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून कुत्रा 'वाया गेला' असं मुळीच नाही. उलट सगळेच कॅरियर धडाधड बाद केले, तर आधीच मर्यादित असलेली वंशावळ आणखी आक्रसते आणि दुसरेच आजार डोकं वर काढतात. फक्त कुणाची जोडी कुणाशी लावायची, ते माहीत असायला हवं. आणि माहीत होण्यासाठी तपासायला हवं. आज बहुतेक ठिकाणी ही जोडी फोटो बघून लागते.

बैलाला एक न्याय, कुत्र्याला दुसरा

तुमच्यापैकी ज्यांचं गाव शेतीचं आहे, त्यांनी घरच्या मोठ्यांना विचारून बघा. बैलबाजारात दात मोजल्याशिवाय, चालवून बघितल्याशिवाय, खांद्यावर हात फिरवल्याशिवाय कुणी सौदा करतं का? आजोबा लोक तर बैल उठताना आधी कुठला पाय टाकतो तेही बघायचे. आपण मात्र हजारो रुपये खर्चून जिवंत प्राणी घेतो आणि व्हिडिओ कॉलवर 'सो क्यूट' म्हणून जीपे करतो.

गंमत म्हणजे ब्रीडिंगआधीची तपासणी ही काही परदेशी फॅड नाही. आपल्याच गोठ्यांमध्ये ती आहे. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या बायफसारख्या संस्थांनी कृत्रिम रेतन गावोगाव नेलं. आज ज्या वळूच्या गोठित रेतमात्रा गावच्या गाईंना दिल्या जातात, त्याची आधी क्षयरोग, ब्रुसेलोसिस अशा रोगांसाठी तपासणी होते. होल्स्टीन वळू असेल तर ब्लॅडसारख्या आनुवंशिक आजारांसाठीही चाचणी होते. केंद्र सरकारनं त्यासाठी किमान मानकं घालून दिलेली आहेत.

ब्लॅड या आजारात वासराची प्रतिकारशक्तीच चालत नाही, ते लहानपणीच जातं. जगभरच्या होल्स्टीन गाईंमध्ये तो पसरला, त्याचा माग काढत गेल्यावर ऑस्बर्नडेल आयव्हनहो नावाच्या एका अमेरिकन वळूपर्यंत धागा पोहोचला. वळू उत्तम होता, म्हणून सगळ्यांना त्याचीच पैदास हवी होती. त्या लोकप्रियतेबरोबर एक लपलेला बिघाडही घरोघरी गेला. १९९० च्या दशकात डीएनए चाचणी आली, वळू तपासले जाऊ लागले आणि आजार आटोक्यात आला. आयरिश सेटर जातीच्या कुत्र्यांमध्ये अगदी याच जनुकातल्या बिघाडामुळे तसाच आजार होतो.

आता आपल्या जाहिरातीतली 'चॅम्पियन ब्लडलाइन' परत वाचा. एक नर शो जिंकतो. मग आसपासच्या सगळ्या माद्या त्याच्याकडेच आणल्या जातात. त्या नराकडे काही लपलेलं असेल, तर ते किती घरांत जाईल? दुभत्या जनावरांच्या बाबतीत हा विचार आपण कधीच केला, कारण तिथे दुधाचे पैसे बुडतात. कुत्र्याच्या बाबतीत पैसे ब्रीडरचे बुडत नाहीत. बुडतात ते तुमचे, आणि त्रास भोगतो तो कुत्रा. म्हणून घाई कुणालाच नाही.

चपट्या नाकाचं कौतुक

२००३ च्या सुमारास हच मोबाइलच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागे मागे फिरणारा पग आला. आईबाबांना विचारा, त्यांना ती जाहिरात अजून आठवत असेल. त्यानंतर शहरांतल्या घराघरांत पग दिसायला लागला. आपल्या पिढीला त्याची ओळख रील्समधून आहे: झोपेत घोरणारा पग, बसल्या बसल्या पेंगणारा पग, हसतोय असं वाटणारा पग.

त्यातलं घोरणं हे बऱ्याचदा गोड नसतं. कवटी आखूड केली, पण आतलं मऊ टाळू, जीभ, बाकीचं मांस त्या प्रमाणात आखूड झालं नाही. ते सगळं श्वासाच्या वाटेत दाटीवाटीनं बसलं. नाकपुड्या फटीएवढ्या उरल्या. त्यामुळे पग, फ्रेंच बुलडॉग आणि बुलडॉग यांच्यातल्या अनेकांना साधा श्वास घ्यायलाही जोर लावावा लागतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच शरीर थंड करतो. ज्याला धापच नीट टाकता येत नाही, त्याचं नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात काय होत असेल? आणि आपल्या बाजारात 'पंच फेस' म्हणजे नाक जितकं आत, तितका भाव जास्त.

या आजारासाठीची तपासणी तर फारच साधी आहे. ब्रिटनमधल्या केनेल क्लबनं आणि केंब्रिज विद्यापीठानं २०१९ मध्ये एक पद्धत सुरू केली. पशुवैद्यक आधी स्टेथोस्कोपनं श्वास ऐकतो, मग कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीनं पळवायचं, मग परत ऐकायचं. शून्य ते तीन अशी श्रेणी मिळते. तीन मिळालेल्या कुत्र्याचं ब्रीडिंग करू नये, असं सरळ सांगितलं जातं. ना एमआरआय, ना महागडी लॅब. तीन मिनिटं आणि एक स्टेथोस्कोप. मग अडतंय कुठे?

तिकडे डोळे कसे उघडले

परदेशात सगळं आलबेल आहे असंही नाही. तिथेही आधी पडदा फाडावा लागला. ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीवर 'पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड' ही डॉक्युमेंटरी आली. शोमध्ये बक्षिसं मिळवणारे कुत्रे आतून किती आजारी असू शकतात, हे लोकांनी टीव्हीवर पाहिलं. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या गोंडस जातीत मेंदूसाठी कवटी अपुरी पडते आणि पाठीच्या कण्यात पोकळ्या होऊन असह्य वेदना होतात, हेही पाहिलं. एवढा गदारोळ झाला, की वर्षानुवर्षं क्रफ्ट्स हा प्रसिद्ध डॉग शो दाखवणाऱ्या बीबीसीनं २००९ मध्ये त्याचं प्रक्षेपण थांबवलं. जर्नालिझम शिकणारी मुलगी म्हणून मला हे उदाहरण फार आवडतं. एक बातमी नीट केली, तर एवढं हलू शकतं.

नॉर्वेमध्ये प्राणिमित्र संघटना कोर्टात गेली. २०२२ मध्ये ऑस्लोच्या न्यायालयानं इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियर यांचं ब्रीडिंग प्राणी कल्याण कायद्याच्या विरोधात असल्याचं म्हटलं. अपिलात बुलडॉगबाबतचा निर्णय बदलला, कॅव्हेलियरबाबतचा कायम राहिला.

आणि डाल्मेशियनची गोष्ट तर सगळ्यांनी वाचावी अशी आहे. या ठिपकेवाल्या जातीत एक बिघाड इतका पसरला होता, की शुद्ध वंशाच्या प्रत्येक डाल्मेशियनमध्ये तो होता. लघवीत युरिक अ‍ॅसिड जास्त, त्यातून मूतखडे. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट शायबल या आनुवंशिकीतज्ज्ञानं डाल्मेशियनची जोडी एकदाच पॉइंटर जातीशी लावली आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडत नेल्या. कुत्रे दिसायला डाल्मेशियन, पण बिघाड गायब. तरीही 'रक्त शुद्ध नाही' म्हणून वाद चालूच राहिला. अमेरिकन केनेल क्लबनं या कुत्र्यांना २०११ मध्ये स्वीकारलं. म्हणजे उपाय हातात असूनही अडतिसावं वर्ष उजाडावं लागलं, कारण लोकांना निरोगी कुत्र्यापेक्षा शुद्ध कागद महत्त्वाचा वाटत होता.

कागद कशाचा?

हा कागदाचा मोह आपल्याकडेही आहे. 'केसीआय पेपर्स आहेत' म्हटलं की घेणाऱ्याला वाटतं, चला, सगळं चेक झालंय. केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी म्हणजे वंशावळ. बाप कोण, आई कोण, आजोबा कोण, ते त्यात कळतं. वंशावळीचा कागद हा आरोग्याचा दाखला नाही. जन्मदाखला दाखवून कुणी मेडिकल फिटनेस सिद्ध करत नाही, तसंच आहे हे.

मग कायदा काय म्हणतो? केंद्र सरकारनं २०१७ मध्ये कुत्र्यांचं ब्रीडिंग आणि विक्री यांसाठी नियम आणले. ब्रीडरनं राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांनंतर तिच्याकडून पिल्लं घ्यायची नाहीत. सलग दोन माजांमध्ये मेटिंग नाही. आयुष्यभरात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. ब्रीडिंगपूर्वी कुत्रा निरोगी असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा.

वाचायला हे चांगलं आहे, आणि ते पाळलं गेलं तरी खूप फरक पडेल. पण यात एक मोठी फट आहे. पशुवैद्यकानं तपासलं त्या दिवशी कुत्रा निरोगी दिसला, की दाखला मिळाला. स्टेथोस्कोपला जीन्स ऐकू येत नाहीत. दोन वर्षांच्या लॅब्रडॉरचे डोळे आज टकाटक असतील, पण पीआरएचं जनुक आत असेल, तर ते या दाखल्यात कुठे दिसणार? म्हणून नियमांमध्ये जातीनिहाय तपासण्यांची यादी जोडायला हवी. लॅब्रडॉर, शेफर्डला हिप्स आणि एल्बो. डॉबरमनला हृदय. पगला श्वास. जिथे डीएनए चाचणी आहे तिथे डीएनए. रिपोर्ट कुत्र्याच्या मायक्रोचिप नंबरशी जोडलेला असला, की एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर खपवता येणार नाही.

देशी जातिवंत कुत्र्यांसाठीही हे आत्ताच करायला हवं. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळ हाउंड, राजापलयम अशा भारतीय जातींचं नाव घेतलं. आपल्या मराठवाडा-सोलापूर पट्ट्यातल्या कारवानचंही कौतुक होतं. चांगलंच आहे. पण राजापलयममध्ये बहिरी पिल्लं जन्माला येण्याचा प्रश्न जुना आहे. मागणी वाढल्यावर घाईघाईनं त्याच चार कुत्र्यांपासून पैदास झाली, तर परदेशी जातींचं जे झालं तेच आपल्या कुत्र्यांचं होईल.

'पण खर्च किती वाढेल!'

हा मुद्दा मला प्रत्येकानं ऐकवला, आणि तो खोटा नाही. एक्स-रे, भूल, डीएनए, सगळ्याला पैसे लागतात. पिल्लू महाग होईल. पण हिशोब पूर्ण करा. आईबाबांची तपासणी एकदा होते आणि तिचा खर्च वेतातल्या सात-आठ पिल्लांत विभागला जातो. तपासणी नाही झाली तर आजारी पिल्लाच्या प्रत्येक मालकाला औषधं, एक्स-रे, जमलं तर ऑपरेशन, असा खर्च वर्षानुवर्षं एकट्यानं करावा लागतो. ज्याला तो झेपत नाही, तो काय करतो? शहरातल्या कुठल्याही शेल्टरमध्ये जाऊन बघा. लंगडणारे लॅब्रडॉर आणि धापा टाकणारे पग तिथे उगाच नाही येत. स्वस्त पिल्लू म्हणजे उधारीवर घेतलेलं पिल्लू. फेडायची वेळ नंतर येते.

सोयी नाहीत म्हणावं, तर परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीरलाही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सुरुवात तिथून होऊ शकते.

दुसरा मुद्दा असतो, "एवढी कटकट कशाला, इंडी अडॉप्ट करा ना!" मला हे मनापासून पटतं. तुम्हाला सोबत हवी असेल, तर गल्लीतलं पिल्लू कुठल्याही चॅम्पियनपेक्षा कमी नाही. पण मी कितीही लिहिलं तरी उद्यापासून लॅब्रडॉर विकले जाणं थांबणार नाही. जी पिल्लं जन्माला येणारच आहेत, ती निदान धड पायांनी आणि धड डोळ्यांनी यावीत, एवढं तरी मागूया.

आणि तिसरा: "तपासणी केली म्हणजे आजार होणारच नाही का?" होऊ शकतो. हिप्सच्या बाबतीत चांगल्या सांध्यांच्या आईबाबांनाही एखादं खराब सांध्यांचं पिल्लू होतं. तपासणीनं धोका कमी होतो, शून्य होत नाही. हेल्मेट घातल्यावरही अपघात होतो, म्हणून आपण हेल्मेट फेकून देत नाही.

आपल्या घरचा ब्रीडर

आतापर्यंत मी 'ते ब्रीडर' असं लिहितेय. पण ब्रीडर कधी कधी आपल्याच घरात असतो. "आमच्या ब्रूनोसाठी मेटिंग पार्टनर हवी, फीमेल लॅब, पुणे." कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा मेसेज तुम्ही वाचला असेलच. "एकदा तरी पिल्लं होऊ दे गं तिला, नाहीतर ती आजारी पडेल," असं शेजारच्या काकूही सांगतात. मादीला आरोग्यासाठी एकदा पिल्लं व्हायलाच हवीत, या समजाला काही आधार नाही.

ब्रूनो खूप गोड आहे, मान्य. पण त्याच्या हिप्सचं काय? समोरच्या मादीच्या डोळ्यांचं काय? ते माहीत नसेल, तर तुम्हीही त्याच साखळीतले. पिल्लं मित्रमैत्रिणींनाच द्याल, आणि चार वर्षांनी त्यातल्याच कुणाचा तरी फोन येईल. तपासणी करायची तयारी नसेल, तर ब्रूनोला नुसता ब्रूनो राहू द्या. त्याला बाबा व्हायची काही हौस नसते, ती आपली असते.

आणि घ्यायचंच ठरलं असेल, तर व्हिडिओ कॉलवर ठरवू नका. पिल्लू जिथे जन्मलं तिथे जा. आईला प्रत्यक्ष बघा, ती कशी चालते, कशी उठते, श्वास कसा घेते ते बघा. ती किती वर्षांची आहे आणि हे तिचं कितवं वेत, ते विचारा. ब्रीडरची नोंदणी दाखवायला सांगा. मग आई आणि बाबा दोघांचे, त्या जातीला लागू असलेले रिपोर्ट मागा आणि त्यावरचा मायक्रोचिप नंबर जुळतो का ते बघा. रिपोर्ट कळत नसेल तर फोटो काढून तुमच्या ओळखीच्या पशुवैद्यकाला दाखवा. समोरचा चिडला, हसला किंवा 'आपल्याकडे एवढं कुणी विचारत नाही' म्हणाला, तर पिल्लाकडे परत न बघता निघा. हे अवघड जातं, कारण पिल्लू तोवर तुमच्या बुटाची लेस चावत बसलेलं असतं. तरी निघा.

त्या दिवशी तुम्ही रिकाम्या हातानं घरी याल. पण त्या ब्रीडरला आठवड्यात अशी दहा गिऱ्हाइकं भेटली, तर अकराव्याच्या आधी तो एक्स-रे काढून आणेल.